ऋताचा चान्स किती

विश्वेश्वर आठल्ये यांना त्या वर्षी सगळ्यांचाच वीट आला. यजमानांचा आला, क्लासवाल्यांचा आला, सख्ख्या चुलतभावाचा आला, आणि शेवटी शेवटी तर दाढी करायला आरसा हातात घेतला की त्यातल्या माणसाचाही येऊ लागला. मुळात हा गृहस्थ तोंडाचा तिखट आणि मनाचा भित्रा. अशा माणसाची चीड बाहेर कमी पडते आणि आत जास्त सडते.

दुर्गाघाटावर त्यांचं घर. धंदा उपाध्यायाचा, म्हणजे महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या लोकांचं श्राद्ध, अस्थिविसर्जन, पाच घाटांवरची पंचतीर्थी करून द्यायची. घरात त्यांना अण्णा म्हणत, यजमान गुरुजी म्हणत, आणि दूधवाल्यापासून ठाण्यातल्या शिपायापर्यंत उरलेली काशी पंडितजी म्हणे. या धंद्यात एक गोष्ट शेवटी करायची असते. सगळे विधी संपले की यजमान ओंजळ धरून उभा राहतो, उपाध्याय त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘सुफल’. म्हणजे केलंस ते पावलं, आता निश्चिंत मनाने घरी जा. हा शब्द मिळाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं लोक मानतात. म्हणून दक्षिणेची घासाघीस नेमकी त्याच्या आधी होते. माणूस ओल्या धोतराने थरथरत उभा असतो, आईची राख नुकतीच पाण्यात सोडलेली असते, आणि उपाध्यायाचा हात हवेत थांबलेला असतो.

अण्णांना या प्रकाराची पहिल्यापासून शिसारी होती. तरी हात त्यांचाही थांबे. सुफल म्हणायचं कसं, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. घाई करायची नाही, डोळे अर्धे मिटायचे, आवाज खाली आणायचा. समोरच्याचे खांदे सैल झालेले लगेच दिसतात. फळ खरंच मिळालं की नाही, याची तक्रार घेऊन कोणी परत येत नाही. एवढा बिनधोक धंदा जगात दुसरा नसेल, असं त्यांना वाटायचं. तो समज त्यांच्या मुलीने, ऋताने, खोटा ठरवला. म्हणजे ठरवायला ती कारण झाली.

ऋता विद्यापीठातून गणित घेऊन बीएस्सी झाली होती. सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एका दुपारी ती धावत वर आली आणि म्हणाली, “अण्णा, कॉल आला!”

“कुणाकडे? आपल्याकडे फोन कुठाय?” अण्णा म्हणाले, आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघालेसुद्धा. कोण गेलं, अस्थी कधी येणार, हे विचार त्यांच्या डोक्यात सुरू झाले होते. ऋताने त्यांना जिन्यातून परत आणलं. कॉल म्हणजे मॅनेजमेंटच्या बड्या संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं. डिसेंबरात तिने परीक्षा दिली होती, देशातल्या हजारो पोरांनी दिली होती, त्यातून निवडक लोकांना बोलावलं होतं. लखनौला जायचं. आधी आठ-दहा जणांना एका टेबलाभोवती बसवून एका विषयावर बोलायला लावतात, मग एकेकाला आत घेतात.

“सगळे एकदम बोलतात?” अण्णांनी विचारलं.

“हो. जो दुसऱ्याला बोलू देऊन आपलं पण म्हणणं ठेवतो, तो पुढे निघतो.”

“मग कुणीच निघत नसेल,” अण्णा म्हणाले. यात्रेकरूंची बस आली की घाटावर काय होतं ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

आनंद एवढाच. कारण त्याच आठवड्यात ऋताला बँकेतही क्लार्कची नोकरी लागली. मिर्झापूरच्या शाखेत रुजू व्हायचं होतं, आणि रुजू व्हायचा शेवटचा दिवस तोच होता ज्या दिवशी लखनौला मुलाखत होती. ऋता स्वतः बँकेच्या साहेबाला भेटून आली. तो भला होता, पण म्हणाला, बेटी, तारीख पुढे सरकत नाही, तुझ्यामागे लाइन लागली आहे. म्हणजे एक धरायचं तर दुसरं सोडायचं. लखनौला नुसती मुलाखत. त्यातूनही चार-पाचांतला एखादाच आत जाणार. मिर्झापूरला पगार.

ऋताने रात्रीच्या जेवणाआधी बापाला विचारलं, “अण्णा, मी काय करू?”

अण्णा म्हणाले, “थांब. मी विचारून सांगतो.”

इथे त्यांच्या घराची एक रीत सांगायला हवी. या घरात पैशाचं बोलायचं नाही, अशी अण्णांची शिस्त होती. यजमान आता स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरत, तिथलाच कुणीतरी पंडा गाठून दोन तासांत विधी उरकून संध्याकाळी सारनाथ बघायला जात. आठल्यांच्या वरच्या मजल्यावरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या असत. आमटी पातळ होत गेली, अण्णांच्या पत्नी आनंदीबाईंनी शेजारच्या मुलींना शिवण शिकवायला सुरुवात केली, आणि “वेळ जात नाही म्हणून” असं त्या सगळ्यांना सांगत. हे तिघांनाही दिसत होतं आणि तिघंही छताकडे बघत. तेव्हा “काय करू” या प्रश्नाचा अण्णांनी आपल्या सोयीने दुसराच प्रश्न करून टाकला. ऋताचा चान्स किती? चान्स चांगला असेल तर बँक सोडू, नसेल तर लखनौ सोडू. कुणीतरी जाणत्याने आकडा सांगितला की झालं.

जाणत्यांची काशीत काय वाण!

पहिल्यांदा ते लंकेवर गेले. विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या त्या बाजारात एका मिठाईच्या दुकानावर मॅनेजमेंटच्या प्रवेशाचा क्लास होता. जिन्यात तळणाचा वास आणि भिंतीवर टाय घातलेल्या पोरांचे फोटो. क्लासच्या मालकाला सगळे राय सर म्हणत. त्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि विचारायला लागला. दहावीला किती, बारावीला किती, इंग्लिश मीडियम का हिंदी, कामाचा अनुभव आहे का.

“पिताजी क्या करते हैं? मतलब, आप?”

“कर्मकांड,” अण्णा म्हणाले.

राय सराने कॅल्क्युलेटरवरचं बोट उचललं. “पंडितजी, ये वहाँ मत बोलने दीजिएगा. पूछें तो कहे, फादर टूरिज़्म में हैं.” आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हसला. मग दोन-चार बटणं दाबून म्हणाला, “देखिए, आज की डेट में बिटिया का चान्स है दस परसेंट.”

अण्णांचा चेहरा पडला. तो पडलेला बघूनच राय सर पुढे झुकला. “हमारा इंटरव्यू वाला कोर्स कर ले, तो चालीस.”

अण्णा जिना उतरले ते संतापाने कानशिलं तापवून. दहाचे चाळीस! फी भरली की मुलीची अक्कल चौपट! आणि मी टूरिझममध्ये! ही असली थापाडी माणसं पोरांना काय शिकवत असतील? खाली मिठाईवाला जिलबी पाकात बुडवत होता. त्याच्या कढईवर माशा घोंघावत होत्या. अण्णांना तो क्लास आणि ती कढई एकाच मालकाची वाटली. रिक्षा न करता ते तसेच चालत सुटले, आणि गोदौलियाच्या चौकापर्यंत मनातल्या मनात राय सराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले. वाटेत एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही. त्यांचा चेहरा पडल्यावरच हा माणूस पुढे झुकला होता. हे झुकणं त्यांच्या ओळखीचं होतं.

मग दूधविनायक मोहल्ल्यात चुलतभाऊ काशीनाथ. याने पत्रिका बघायची आणि जगाला सल्ले द्यायचे. ऋताची पत्रिका मांडीवर घेऊन त्याने बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवले आणि म्हणाला, “गुरू चांगला आहे, पण शनी आडवा बसलाय. एक शांत करून घेऊ. मग बघ.”

“तू माझ्याकडून शांत करून घेणार?” अण्णा ओरडले. “काश्या, मी लोकांच्या शांती करतो, तू मला शांत सांगतोस?”

“अरे, डॉक्टर आजारी पडला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातोच ना?” काशीनाथ शांतपणे म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. त्याच्या नखातला तो चुना, ती मळकी पत्रिका आणि स्वतःच्याच भावाच्या चेहऱ्यावरचा तो व्यापारी गोडवा बघून अण्णांना वीट आला. चहा न घेता ते उठले.

एवढ्यावर त्यांनी थांबायला हरकत नव्हती. पण भित्रा माणूस एकदा विचारत सुटला की कुणीतरी हवं ते उत्तर देईपर्यंत थांबत नाही. आणि दैव असं, की पुढच्याच आठवड्यात पुण्याहून प्राध्यापक वासुदेव मेहेंदळे आईच्या अस्थी घेऊन त्यांच्या दारात उतरले. काय करता म्हणून विचारलं तर म्हणाले, “मॅनेजमेंट शिकवतो. सिलेक्शन कमिट्यांवरही असतो अधूनमधून.”

अण्णांच्या अंगात वारं संचारलं. वरच्या मजल्यावरच्या गाद्यांना उन्हं दाखवली गेली. आनंदीबाईंनी शिवणाच्या मुलींना सुट्टी दिली. श्राद्धाच्या स्वयंपाकात वडे, खीर, दोन कोशिंबिरी आणि नको नको म्हणत असताना तूप. प्राध्यापक आडवा हात मारून जेवले, पोटावरून हात फिरवत वर जाऊन लोडाला टेकले, आणि अण्णांनी ऋताला पुढे केलं. “जरा हिच्याशी बोलता का? आपल्यासारख्यांनी पाहिलं की कळतं लगेच.”

“पाठवा ना,” मेहेंदळे म्हणाले. अण्णा दार ओढून घेऊन खाली आले. बऱ्याच वेळाने ऋता उतरली, तेव्हा तिला काही विचारायचा त्यांना धीर झाला नाही. तिनेही काही सांगितलं नाही. प्राध्यापकांना विचारलं तर म्हणाले, “उद्या सांगतो. विचार करून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी नावेतून पंचतीर्थी. अस्सी घाटापासून सुरुवात आणि मणिकर्णिकेला शेवट. दिवसभर अण्णा त्या माणसाच्या पुढेपुढे करत होते. ऊन लागलं तर छत्री धरली. पाय ठेवताना हात दिला. पंचगंगा घाटाला प्राध्यापक पाण्यात उतरले आणि नावेवाल्याने त्यांच्या चपला बाजूला सरकवल्या, तेव्हा अण्णांनी त्या उचलून हातात धरल्या. आयुष्यात त्यांनी यजमानाच्या चपलेला हात लावला नव्हता. नावेवाल्याने बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. त्याच्या त्या भलेपणाचा अण्णांना जास्त राग आला.

मणिकर्णिकेला सगळं आटोपलं. प्राध्यापक ओंजळ धरून उभे राहिले. अण्णांनी त्यांच्या पाठीमागे हात नेला आणि सवयीने तो थांबला.

मेहेंदळे मान वळवून हसले. “गुरुजी, दक्षिणेचं आपल्यात काय घेऊन बसलात? तुमच्या ऋतुजाचं मी पाहिलंय ना!”

“ऋता,” अण्णा म्हणाले.

“तेच ते.”

ओंजळ तशीच होती. पलीकडे चिता जळत होत्या, दहनाचं काम करणारे डोम लाकडं ढकलत होते, आणि हा सुशिक्षित गृहस्थ आईच्या नावाने पाण्यात उभा राहून सौदा करत होता. अण्णांना त्याच्या नाकावर ठोसा मारावासा वाटला. त्यांनी काय केलं? डोळे अर्धे मिटले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “सुफल.”

प्राध्यापकांचे खांदे सैल झाले. ते पायरीवर आले, टॉवेलने डोकं पुसलं, आणि मग आपला ओला हात अण्णांच्या खांद्यावर ठेवून, घाई न करता, डोळे अर्धे मिटून, खालच्या आवाजात म्हणाले, “होईल हो मुलीचं. चांगला चान्स आहे. साठ-सत्तर टक्के धरून चला. निश्चिंत राहा.”

अण्णांचे खांदे सैल झाले नाहीत. या माणसाला काहीही माहीत नाही, हे त्यांना त्या आवाजातच कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण तो आवाज त्यांच्या घरचा होता. वडिलांनी शिकवलेला, हजारदा लावलेला, आणि आज रोख घेऊन उधार देणाऱ्या कुणा परक्याच्या तोंडून त्यांच्याच कानात ओतलेला. एक थाप देऊन त्यांनी दुसरी थाप विकत घेतली होती. जन्मभर त्या घाटावर वावरलेल्या अण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा चितेच्या धुराने ओकारी आली. ते कठड्याला धरून वाकले. प्राध्यापक दोन पायऱ्या मागे सरले आणि आपल्या कपड्यांवर काही उडालं का ते बघू लागले.

संध्याकाळी प्राध्यापक गाडीला गेले. ऋता गच्चीवरून कपडे काढून आणून घड्या घालत बसली होती. आत आनंदीबाई स्वयंपाकाला लागल्या होत्या. अण्णा येऊन तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “साठ-सत्तर म्हणाले.”

ऋता आधी समजलीच नाही. मग जी हसायला लागली ती थांबेना. “अण्णा, त्यांनी मला एक पण सवाल विचारला नाही! ठठेरी बाजारात समया कुठे सस्त्या मिळतात ते विचारलं. मिसेससाठी साडी कुठून घ्यायची ते विचारलं. मग आपली अमेरिकेची ट्रिप सांगितली. मग त्यांना झोप लागली. मी तशीच बसून होते, तुम्ही खाली होता म्हणून.”

“चोर आहे लेकाचा!” अण्णा उसळले. “सगळे चोर! तो कॅल्क्युलेटरवाला चोर, काश्या चोर, हा पुण्याचा तर दरोडेखोर! दहा म्हणे, चाळीस म्हणे, साठ म्हणे! भाजी विकताहेत का माझ्या मुलीची? आणि मी त्याच्या चपला धरल्या. या हातांनी. किळस येते मला या हातांची!” बराच वेळ ते बोलत होते. विद्यापीठं, संस्था, निवडसमित्या, ज्योतिषी, उपाध्याय, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. ऋता घड्या घालत राहिली. आईचं एक लुगडं, दोन पंचे. तिला हे ऐकायची सवय होती.

अण्णा दमले तेव्हा ती म्हणाली, “पण मी तुम्हाला चान्स विचारलाच नव्हता.”

“म्हणजे?”

“चान्स कुणी सांगूच शकत नाही अण्णा, तेवढं गणित मला येतं. तिथे मी कशी बोलते त्याच्यावर आहे. ते त्या दिवशी कळेल.” तिने हातातला पंचा खाली ठेवला. “मी विचारलं होतं, मी काय करू. मी बँकेत नाही गेले, लखनौला पण नाही झालं, तर आपलं घर चालेल का? हे राय सर कसं सांगणार? काशीनाथकाकांना काय माहीत? हे फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही दोन हफ्ते झाले, साऱ्या बनारसला विचारून आलात, मला सोडून.”

आत पोळी लाटायचा आवाज थांबला.

या घरात हे वाक्य कधी कुणी बोललं नव्हतं. अण्णांनी छताकडे बघितलं, पण आज छताचा उपयोग नव्हता. पोरीची नजर हलत नव्हती. ‘चालेल की, न चालायला काय झालं,’ हे शब्द त्यांच्या ओठांवर तयार होते. डोळे आपोआप मिटायला लागले होते, आवाज आपोआप खाली येत होता. एवढं म्हटलं की पोरीचे खांदे सैल होतील, हेही त्यांना माहीत होतं. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची अशी काही किळस आली की ते शब्द त्यांनी गिळून टाकले. ज्या पोरीला आपण एवढी वर्षं घाटावर उभं राहायला दिलं नाही, तिलाही आपण हेच देणार होतो.

त्यांनी डोळे पूर्ण उघडले.

“नाही चालणार,” ते म्हणाले. आवाज फाटला होता. “गेल्या वर्षापासूनच चालत नाहीये. तुझी आई चालवते, कसं ते मी विचारत नाही. तुझा पगार आला असता तर...” ऋताने मान हलवली. तिने हे धरूनच ठेवलं होतं असं दिसलं. तिने पुन्हा पंचा हातात घेतला, आणि अण्णांना दिसलं की मिर्झापूर ठरलं. ती आता रडणार नाही, बोलणार नाही, शेवटच्या दिवशी डबा घेऊन मुकाट्याने बस पकडेल.

“ऐकून घे पुरतं,” अण्णा म्हणाले. “नाही चालणार. तरी तू जा.”

“कुठे?”

“लखनौला. आणि बाप काय करतो म्हणून विचारलं, तर कर्मकांड करतो म्हणून सांग.”

आतून आनंदीबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या, दोघांकडे आळीपाळीने बघत उभ्या राहिल्या, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “मग उद्या बँकेत जाऊन त्या साहेबाला सांगून या. तिच्यामागे लाइन लागलीय म्हणे. दुसऱ्या कुणाची तरी पोर वाट बघत असेल.”